पोषकद्रव्य-बंधक प्रथिने (जिवाणू)

पोषकद्रव्य-बंधक प्रथिने ही जिवाणूंच्या आतील पेशीपटलाबाहेर आढळणारी प्रथिने होत. शर्करा, अमिनो आम्ले, पेप्टाइडे, जीवनसत्त्वे, धातूंचे आयन, फॉस्फेट, सल्फेट अशा पोषक रेणूंना पकडून ते पटलातील वाहक प्रथिनांच्या स्वाधीन करणे, हे त्यांचे मुख्य कार्य आहे. ही प्रथिने स्वतः पटल ओलांडत नाहीत. प्रत्येक प्रथिन ठरावीक पोषकद्रव्य किंवा एकमेकांशी मिळतीजुळती काही पोषकद्रव्ये ओळखते. त्यामुळे एकाच जिवाणूत अशी अनेक प्रथिने असतात.

या प्रथिनांचे आकारमान व अमिनो आम्लांचा क्रम यांत पुष्कळ फरक असला, तरी त्यांची घडण आश्चर्य वाटावे इतकी सारखी असते. बिजागरीने जोडलेले दोन खंड व त्यांमधील खाच, असा त्यांचा आराखडा असतो. पोषक रेणू खाचेत आला की दोन्ही खंड त्याच्यावर मिटतात. या एका हालचालीने दोन कामे साधतात. रेणू घट्ट धरला जातो आणि प्रथिन ‘भरले’ असल्याची खूण वाहकाला मिळते. पाण्यात अत्यल्प प्रमाणात असलेले अन्न मिळवणे आणि ते मिळवताना ऊर्जा वाया जाऊ न देणे, या जिवाणूपुढील दोन्ही अडचणी या रचनेने सुटतात.

पार्श्वभूमी

जिवाणू एकपेशीय असल्याने त्याला अन्न भोवतालच्या पाण्यातूनच मिळवावे लागते. आतडे, माती, तलाव अशा ठिकाणी पोषक रेणूंचे प्रमाण सतत बदलते आणि बहुधा फारच थोडे असते. पेशीच्या आत मात्र तेच रेणू तुलनेने अधिक प्रमाणात साठवावे लागतात. म्हणजे वहन कमी संहतीकडून अधिक संहतीकडे, अर्थात नैसर्गिक उताराच्या उलट दिशेने करावे लागते. त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते.

ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या पेशीला दोन पटले असतात. बाहेरच्या पटलात पोरिन नावाच्या प्रथिनांची छिद्रे असतात व त्यांतून लहान रेणू आपोआप आत झिरपतात. आतील पटल मात्र बहुतेक पोषक रेणूंना अडवते. या दोन पटलांमधील अरुंद अवकाशाला पेरिप्लाझम म्हणतात. बंधक प्रथिने याच अवकाशात मोकळी संचार करतात, म्हणून त्यांना पेरिप्लाझमिक बंधक प्रथिने असेही म्हणतात. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना बाहेरचे पटल नसते. त्यांच्यात ही प्रथिने वाहून जाऊ नयेत म्हणून ती मेदाच्या एका लहान नांगराने आतील पटलाच्या बाहेरच्या पृष्ठाला खिळलेली असतात. काही जिवाणूंमध्ये ती थेट वाहकालाच जोडलेली आढळतात.

शोधाचा इतिहास

या प्रथिनांचा शोध एका साध्या प्रयोगतंत्रामुळे लागला. हॅरॉल्ड न्यू व लिऑन हेपेल यांनी १९६५ मध्ये ‘तर्षण-आघात’ पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. या पद्धतीत ई. कोलायच्या पेशी प्रथम साखरेच्या दाट द्रावणात ठेवून नंतर एकदम थंड, विरल पाण्यात टाकतात. या धक्क्याने बाहेरच्या पटलाची बंदिस्ती काही काळ ढिली पडते आणि पेरिप्लाझममधील प्रथिने बाहेर सांडतात. पेशी मात्र जिवंत राहतात.

अशा पेशींची काही पोषकद्रव्ये आत घेण्याची क्षमता घटलेली दिसली. आतील पटल शाबूत असतानाही वहन मंदावते, याचा अर्थ वहनाला लागणारा एखादा घटक बाहेर सांडलेल्या प्रथिनांत असला पाहिजे. १९६६ मध्ये आर्थर पार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी साल्मोनेला टायफिम्युरियम या जिवाणूतील सल्फेट-बंधक प्रथिनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच सुमारास ल्यूसीन या अमिनो आम्लाला आणि पुढे गॅलॅक्टोज शर्करेला बांधणारी प्रथिनेही वेगळी करण्यात आली.

या प्रथिनांची त्रिमितीय रचना उलगडण्यात अमेरिकेतील ह्यूस्टन येथील फ्लोरांते कियोचो यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या साहाय्याने त्यांच्या गटाने १९७७ मध्ये ई. कोलायच्या ॲराबिनोज-बंधक प्रथिनाची २.८ अँगस्ट्रॉम विभेदनाची रचना प्रसिद्ध केली. तिच्यात दोन खंड व त्यांमधील खाच स्पष्ट दिसली. शर्करा जोडली गेल्यावर हे प्रथिन किंचित आक्रसते, असे १९८१ मध्ये क्ष-किरणांच्या लघुकोन विकिरणाने आढळले. पुढच्याच वर्षी अँड्र्यू मॅककॅमन, कियोचो आणि त्यांचे सहकारी यांनी गणनांच्या आधारे खंडांच्या उघडझापीचे प्रारूप मांडले. कीटक बसताच पान मिटणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी वनस्पतीचे नाव त्यांनी त्याला दिले आणि ते रूढ झाले.

एकाच प्रथिनाची उघडी व मिटलेली अशी दोन्ही रूपे स्फटिकांत प्रत्यक्ष पाहून तुलना करणे पुढे शक्य झाले. माल्टोज-बंधक प्रथिनाचे मिटलेले रूप १९९१ मध्ये आणि उघडे रूप १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही रूपांत एका खंडाच्या तुलनेत दुसरा सुमारे ३५ अंशांतून वळलेला आढळला. लायसीन, आर्जिनीन व ऑर्निथीन यांना बांधणाऱ्या प्रथिनात हे वळण ५२ अंशांचे असल्याचे १९९३ मध्ये दिसून आले.

सर्वसाधारण रचना

या गटातील प्रथिने साधारणपणे २५,००० ते ७०,००० डाल्टन रेणुभाराची असतात. सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणजे ई. कोलायचे माल्टोज-बंधक प्रथिन. ते ‘मॅल-ई’ या जनुकापासून बनते. पेशीत ते प्रथम ३९६ अमिनो आम्लांच्या साखळीच्या रूपाने तयार होते. तिच्या आरंभीची २६ अमिनो आम्ले पत्त्याच्या चिठ्ठीसारखी असतात. प्रथिन आतील पटलापलीकडे पोहोचले की ती कापली जातात व ३७० अमिनो आम्लांचे पक्व प्रथिन उरते. हा रेणू लांबट असून त्याची लांबी सुमारे ६.५ नॅनोमीटर असते.

प्रत्येक खंडाच्या गाभ्यात बीटा-पत्रक असते. साखळीचे ताणलेले पट्टे शेजारी शेजारी येऊन ते बनते. त्याच्या दोन्ही बाजूंना मळसूत्रासारखी गुंडाळलेली आल्फा-सर्पिले असतात. दोन्ही खंडांची ठेवण एकमेकांसारखी असते. प्रथिनाची साखळी मात्र एकच असून ती एका खंडातून दुसऱ्यात जाते व पुन्हा परतते. खंडांना जोडणारे साखळीचे हे दुवे म्हणजेच बिजागरी होय.

बिजागरीचे स्वरूप व गाभ्यातील पट्ट्यांचा क्रम यांवरून या प्रथिनांचे स्थूलमानाने तीन वर्ग केले जातात. पहिल्या वर्गात दोन खंडांना जोडणारे तीन दुवे असतात. ॲराबिनोज, गॅलॅक्टोज, रायबोज व ल्यूसीन यांची बंधक प्रथिने या वर्गातील होत. दुसऱ्या वर्गात मुख्य दुवे दोन असतात. माल्टोज, फॉस्फेट, सल्फेट व हिस्टिडीन यांची बंधक प्रथिने त्यात मोडतात. तिसऱ्या वर्गात दोन्ही खंडांना एकच लांब, ताठ आल्फा-सर्पिल जोडते. बी-१२ जीवनसत्त्व, लोहवाहक संयुगे आणि मँगॅनीज किंवा जस्त यांची बंधक प्रथिने या वर्गात येतात. ताठ सर्पिलामुळे तिसऱ्या वर्गातील उघडझाप पहिल्या दोन वर्गांपेक्षा बरीच कमी असते. रचनांची संख्या वाढल्यावर याहून बारीक वर्गीकरणेही सुचवण्यात आली आहेत.

खाचेची उघडझाप

पोषक रेणू नसताना खाच उघडी असते व तिच्यात पाण्याचे रेणू असतात. पोषक रेणू प्रथम एका खंडाला टेकतो. मग दुसरा खंड त्याच्यावर येतो आणि दोन्ही खंडांतील अमिनो आम्ले मिळून रेणूला धरतात. पकडला गेलेला रेणू जवळजवळ पूर्णपणे प्रथिनाच्या आत गाडला जातो. त्यामुळे खंड पुन्हा दूर झाल्याशिवाय त्याला निसटता येत नाही.

खाच केवळ पोषक रेणू आल्यावरच हलते असे मात्र नाही. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन तंत्राने मारियस क्लोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेल्या अभ्यासात, रिकाम्या माल्टोज-बंधक प्रथिनाचे सुमारे ५ टक्के रेणू कोणत्याही क्षणी अंशतः मिटलेल्या अवस्थेत आढळले. हे प्रथिन रिकामे असतानाही किंचित उघडझाप करत असते. शर्करेच्या उपस्थितीने पूर्ण मिटलेली अवस्था स्थिर होते.

रेणू जोडला जाणे आणि खाच पूर्ण मिटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सात ग्लुकोज घटकांच्या कड्याचा हा रेणू माल्टोज-बंधक प्रथिनाला जोडला जातो. तथापि तो खाचेत असताना प्रथिन उघडेच राहते आणि त्याचे वहन होत नाही. यावरून वहनासाठी नुसते जोडले जाणे पुरेसे नसून प्रथिनाचे मिटलेले रूप महत्त्वाचे आहे, असे दिसते.

पोषक रेणूची ओळख

शर्करा-बंधक प्रथिनांत ओळख मुख्यतः दोन प्रकारांनी पटते. शर्करेवरील हायड्रॉक्सिल गट प्रथिनाशी हायड्रोजन बंधांनी जोडले जातात, तर शर्करेच्या कड्याची सपाट बाजू ट्रिप्टोफेन, टायरोसीन किंवा फेनिलॲलॅनीन या अमिनो आम्लांच्या सपाट कड्यांवर टेकते. हायड्रोजन बंधांची दिशा व अंतर नेमके असावे लागते. त्यामुळे एकाच गटाची दिशा बदललेली शर्कराही प्रथिनाला वेगळी ठरवता येते. गॅलॅक्टोज-बंधक प्रथिन मात्र ग्लुकोज व गॅलॅक्टोज या दोन्ही शर्करा धरते. या शर्करांत चौथ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाची दिशाच तेवढी भिन्न असते. खाचेतील एक ॲस्पार्टिक आम्ल दोन्ही दिशांतील गटाशी बंध जुळवू शकते.

फॉस्फेट व सल्फेट यांच्या बाबतीत ही ओळख अधिक काटेकोर आहे. दोन्ही आयनांत मध्यवर्ती अणूभोवती चार ऑक्सिजन असतात आणि त्यांचा आकारही जवळपास सारखा असतो. तरीही फॉस्फेट-बंधक प्रथिन सल्फेटला आणि सल्फेट-बंधक प्रथिन फॉस्फेटला थारा देत नाही. याचे कारण कियोचो यांच्या गटाने १९८५ व १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनांतून समजले. पेशीच्या सामान्य आम्लतेला फॉस्फेटवर किमान एक हायड्रोजन असतो, सल्फेटवर एकही नसतो. सल्फेट-बंधक प्रथिन आपल्या आयनाला सात हायड्रोजन बंधांनी धरते आणि त्या सर्वांत हायड्रोजन प्रथिनाकडून येतो. फॉस्फेट-बंधक प्रथिनात असे बारा बंध असतात. त्यांपैकी एका ठिकाणी ॲस्पार्टिक आम्ल फॉस्फेटवरील हायड्रोजन स्वीकारते. सल्फेटजवळ देण्यासाठी हायड्रोजन नसल्याने त्याचा ऋणभार आणि ॲस्पार्टिक आम्लाचा ऋणभार एकमेकांना दूर सारतात. आयन सर्व बाजूंनी बंदिस्त असल्याने पाण्याचा रेणू मध्ये येऊन ही विसंगती झाकू शकत नाही. निवड इतकी काटेकोर होते ती यामुळेच.

आर्सेनेट ओळखणे फॉस्फेट-बंधक प्रथिनाला याहून कठीण असते. आर्सेनेटची घडण व विद्युत्‌भार फॉस्फेटसारखेच असतात व त्याच्यावर हायड्रोजनही असतो. तो फॉस्फेटपेक्षा किंचित मोठा असतो, एवढाच फरक. पेशीत शिरल्यावर तो फॉस्फेटच्या जागी बसून रासायनिक क्रिया बिघडवतो, म्हणून तो विषारी ठरतो. इस्राएलमधील वाइझमन संस्थेतील डॅन तौफिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक जिवाणूंच्या फॉस्फेट-बंधक प्रथिनांची तपासणी केली. ही प्रथिने आर्सेनेटच्या तुलनेत फॉस्फेटला किमान ५०० पट अधिक पसंती देतात, असे त्यांना आढळले. त्यांनी अभ्यासलेल्यांत कॅलिफोर्नियातील आर्सेनिकयुक्त मोनो सरोवरातून मिळालेला जीएफएजे-१ हा जिवाणूही होता. हा जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असा दावा २०१० मध्ये झाला होता. प्रत्यक्षात त्याच्या एका फॉस्फेट-बंधक प्रथिनाची निवडक्षमता हजारो पटींत भरली. म्हणजे आर्सेनिकाच्या सान्निध्यात राहणारा हा जिवाणू आर्सेनेट टाळून फॉस्फेट वेचून घेण्यात विशेष पटाईत ठरला. हा भेद हायड्रोजन स्वीकारणाऱ्या त्याच ॲस्पार्टिक आम्लाशी निगडित आहे. किंचित मोठ्या आर्सेनेटमुळे त्या बंधाचा आदर्श कोन बिघडतो.

सर्वच बंधक प्रथिने इतकी चोखंदळ नसतात. साल्मोनेलातील पेप्टाइड-बंधक प्रथिन दोन ते पाच अमिनो आम्लांची जवळजवळ कोणतीही पेप्टाइडे स्वीकारते. सर्व पेप्टाइडांचा कणा सारखा असल्याने हे प्रथिन कण्याशीच बंध जोडते. प्रत्येक पेप्टाइडात वेगळ्या असणाऱ्या बाजूच्या शाखा पाण्याने भरलेल्या प्रशस्त कोनाड्यांत सामावल्या जातात. शाखा लहान असेल तर उरलेली जागा पाण्याचे रेणू भरून काढतात. दोन खंडांखेरीज या प्रथिनाला एक जादा खंडही असतो.

वहनाचा क्रम: माल्टोजचे उदाहरण

माल्टोज ही दोन ग्लुकोज घटकांची शर्करा असून स्टार्चच्या विघटनातून ती तयार होते. मोड आलेल्या सातूपासून, म्हणजे माल्टपासून, तिला हे नाव मिळाले. ई. कोलाय ज्या आतड्यात राहतो तेथे अन्नातील स्टार्चपासून माल्टोज आणि सात ग्लुकोज घटकांपर्यंतच्या माल्टोडेक्स्ट्रिन शर्करा त्याला उपलब्ध होतात.

वहनाचा पहिला टप्पा बाहेरच्या पटलावर घडतो. तेथील माल्टोपोरिन हे प्रथिन तीन सारख्या नळ्यांचे बनलेले असते. प्रत्येक नळीच्या आत सपाट कड्यांच्या अमिनो आम्लांची एक निसरडी वाट असते व तिच्यावरून शर्करा घसरत आत येते. लॅम्डा नावाचा जिवाणुभक्षी विषाणू याच प्रथिनाला चिकटून पेशीवर हल्ला करतो.

पेरिप्लाझममध्ये आलेल्या शर्करेला माल्टोज-बंधक प्रथिन धरते. त्याचा वियोजन स्थिरांक सुमारे १ मायक्रोमोलर असतो, म्हणजे माल्टोजची एवढी संहती असताना प्रथिनाचे निम्मे रेणू भरलेले असतात. ही संहती एका लिटरमध्ये सुमारे एक-तृतीयांश मिलिग्रॅम भरते. दुसऱ्या शब्दांत, १ ग्रॅम माल्टोज सुमारे ३,००० लिटर पाण्यात विरघळवल्यासारखे ते आहे.

आतील पटलातील वाहक एबीसी वाहक या मोठ्या कुळातला आहे. मॅल-एफ व मॅल-जी ही दोन प्रथिने मिळून पटलातून जाणारा मार्ग तयार करतात. पेशीच्या आतल्या बाजूस मॅल-के या प्रथिनाचे दोन रेणू असतात. ते एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे विघटन करतात. विश्रांतीच्या अवस्थेत हा मार्ग पेशीच्या आतल्या बाजूस उघडा व बाहेरच्या बाजूस बंद असतो.

भरलेले, मिटलेले बंधक प्रथिन वाहकाच्या बाहेरच्या तोंडाशी येऊन टेकते. त्यासरशी आतल्या बाजूस मॅल-केचे दोन्ही रेणू एटीपीसह एकमेकांजवळ येतात. मार्ग आतून बंद होऊन बाहेरच्या बाजूस उघडतो आणि बंधक प्रथिनाची खाचही उघडते. एमी डेव्हिडसन, ज्यू चेन व कियोचो यांच्या गटांनी २००७ मध्ये या मधल्या अवस्थेची रचना प्रसिद्ध केली. तीत माल्टोज बंधक प्रथिनातून सुटून मॅल-एफच्या पोकळीत विसावलेले दिसते. मॅल-जीचा एक लहान फास बंधक प्रथिनाच्या रिकाम्या खाचेत घुसलेला असतो, त्यामुळे शर्करेला मागे फिरता येत नाही. यानंतर एटीपीचे विघटन होते, मार्ग पुन्हा आतल्या बाजूस उघडतो आणि शर्करा पेशीत उतरते. रिकामे बंधक प्रथिन सुटून पुढच्या फेरीस मोकळे होते.

बंधक प्रथिनाशिवाय काय घडते

बंधक प्रथिनाचे महत्त्व उत्परिवर्तित जिवाणूंच्या अभ्यासातून अधिक स्पष्ट झाले. मॅल-ई जनुक नसलेल्या ई. कोलायचे माल्टोजवर पोषण होत नाही. मात्र मॅल-एफ किंवा मॅल-जी यांत विशिष्ट बदल झालेले काही जिवाणू बंधक प्रथिनाशिवायही माल्टोज आत घेऊ शकतात. त्यासाठी त्यांना मायक्रोमोलरऐवजी मिलिमोलर, म्हणजे सुमारे हजारपट अधिक संहती लागते. विरल पाण्यातून अन्न वेचण्याची क्षमता ते गमावून बसतात.

दुसरा दोष ऊर्जेशी संबंधित आहे. नेहमीचा वाहक भरलेले बंधक प्रथिन येईपर्यंत एटीपीचे विघटन जवळजवळ करत नाही. बदललेला वाहक मात्र शर्करा नसतानाही एटीपी खर्च करत राहतो, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. बंधक प्रथिन हे केवळ शर्करा आणून देणारे साधन नसून वाहकाला ‘आता खर्च करण्यासारखे काही आले आहे’ हे कळवणारा घटकही आहे, हा निष्कर्ष त्यातून निघतो.

अन्नाच्या दिशेने हालचाल

काही बंधक प्रथिने वहनाखेरीज आणखी एक काम करतात. ई. कोलाय अन्नाच्या वाढत्या संहतीकडे पोहत जातो. या वर्तनाला रासायनिक अनुचलन म्हणतात. भरलेले माल्टोज-बंधक प्रथिन पटलातील ‘टार’ या ग्राही प्रथिनाला, तर गॅलॅक्टोज व रायबोज यांची बंधक प्रथिने ‘ट्रग’ या ग्राही प्रथिनाला जाऊन टेकतात. त्यातून निघालेला संदेश कशाभिका फिरवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचतो. अशा रीतीने पेशीत अन्न घेणे आणि अन्नाचा माग काढणे ही दोन्ही कामे एकाच प्रथिनावर अवलंबून असतात.

संबंधित प्रथिने व उत्क्रांती

बंधक प्रथिने एबीसी वाहकांपुरती मर्यादित नाहीत. ट्रॅप या दुसऱ्या एका वाहककुळातही ती आढळतात. हे वाहक एटीपीऐवजी पटलाच्या दोन बाजूंमधील सोडियम आयनांच्या संहतीतील फरकावर चालतात. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हा जिवाणू अशाच प्रथिनाच्या साहाय्याने मानवी शरीरातील सायालिक आम्ल मिळवतो.

दोन खंड व खाच हा आराखडा इतर कामांसाठीही वापरला गेला आहे. लॅक्टोजच्या वापराशी संबंधित जनुकांना आवर घालणाऱ्या लॅक दमनकारी प्रथिनाचा गाभा शर्करा-बंधक प्रथिनांसारखा असतो. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत ग्लुटामेट ग्राही हे चेतापेशींमधील संदेशवहनाचे महत्त्वाचे घटक आहेत. त्यांचा ग्लुटामेट धरणारा भागही याच घडणीचा असून ग्लुटामेट आल्यावर तो तसाच मिटतो.

रोगजंतूंमधील महत्त्व

शरीरात शिरलेल्या रोगजंतूलाही लोह, मँगॅनीज, जस्त यांची गरज असते आणि शरीर हे धातू त्याच्यापासून दडवून ठेवण्याचा प्रयत्न करते. फुप्फुसदाहास कारणीभूत होणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूत पीएसए-ए हे प्रथिन मँगॅनीज मिळवते. त्याच्या खाचेत जस्तही बसू शकते, परंतु जस्त बसल्यावर प्रथिन घट्ट मिटते व ते सोडत नाही. मँगॅनीजची पकड तुलनेने सैल असल्याने ते पुढे वाहकाकडे सोपवता येते. जस्ताचे प्रमाण वाढले की ही प्रथिने अडकून पडतात व जिवाणूची मँगॅनीजवाचून उपासमार होते. मग संरक्षक पेशींनी सोडलेल्या ऑक्सिडीकारक द्रव्यांपुढे त्याचा टिकाव लागणे कठीण जाते. अतिघट्ट पकड वहनाला मारक ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

काही प्रतिजैविकांना हीच प्रथिने पेशीत शिरण्याची वाट करून देतात. अल्बोमायसिन या प्रतिजैविकाचा एक भाग लोहवाहक संयुगासारखा दिसतो. लोह समजून जिवाणूची प्रथिने त्याला आत घेतात व त्याला जोडलेला विषारी भागही सोबत जातो.

उपयोग

जैवतंत्रज्ञानात माल्टोज-बंधक प्रथिन मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. जिवाणूत तयार केलेली परकी प्रथिने पुष्कळदा नीट घडी न पडता गोळा होऊन साक्यासारखी बसतात. अशा प्रथिनाच्या जनुकाला माल्टोज-बंधक प्रथिनाचे जनुक जोडल्यास तयार होणारे जोडप्रथिन बऱ्याच वेळा विद्राव्य राहते. ते ॲमिलोज या स्टार्चच्या घटकाने मढवलेल्या कणांवर अडकवता येते व माल्टोजचे द्रावण ओतून शुद्ध स्वरूपात सोडवून घेता येते.

खाचेच्या उघडझापीचा उपयोग संवेदक बनवण्यासाठीही होतो. प्रथिनाला प्रदीप्त होणारे घटक जोडल्यास खंड मिटताना प्रकाशात बदल होतो व त्यावरून पोषक रेणूचे प्रमाण मोजता येते. माल्टोजसाठी असा संवेदक २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ई. कोलायच्या ग्लुटामेट-बंधक प्रथिनापासून २०१३ मध्ये बनवलेल्या संवेदकामुळे जिवंत मेंदूत चेतापेशींनी सोडलेले ग्लुटामेट सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाशरूपात पाहता येते.